द्विभाषिक बालवाडी आणि आमचे ‘मले-तुले’

‘द्विभाषिक’ हा शब्द निघाला की तिगावातल्या जुन्या माणसांना शाळा आठवत नसे, राज्य आठवत असे. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशाचा कारभार हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांत चाले. तसा १९५० चा राजभाषा कायदाच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबईच्या द्विभाषिक राज्यात गेला आणि आमचे पांढुर्णा-सौंसर इकडे राहिले. मुंबईचे ते द्विभाषिक १९६० साली मोडले. आमचे मात्र अजून चालूच आहे. घरात, वावरात, बैलाशी आणि देवाशी मराठी. शाळेत, तहसिलीत आणि ठाण्यात हिंदी. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तरी या वाटणीत फरक पडलेला नाही.

यंदा हाच शब्द आमच्या घरी पुन्हा आला तो नागपूरच्या एका बालवाडीच्या माहितीपत्रकावरून. मुलगा तिकडे नोकरीला आहे, नातू पावणेतीन वर्षांचा. त्याला कुठल्या बालवाडीत घालावे यावरून नवरा-बायकोत महिनाभर वाद चालला होता. शेवटी मुलाचा फोन आला, “बाबा, तुम्ही येऊन पाहा एकदा.” मृगाच्या संत्र्याचा सौदा व्हायचा होता, तो भावावर सोपवून मी गेलो.

मुलाचे म्हणणे, पोराला मराठीतूनच घालू. सुनेला इंग्रजी हवी होती. पहिल्यांदा मला वाटले, ही शहराची हवा. पण तिने जे सांगितले त्यावर मला पटकन उत्तर देता आले नाही. ती म्हणाली, “मामाजी, मी सौंसरला हिंदीत शिकले, घरी मराठी बोलले. आज मराठीत अर्ज लिहायला बसले की ‘ळ’ कुठे अन् ‘ल’ कुठे, हे विचारावे लागते. इंग्रजीत चार वाक्ये बोलायची तर घाम फुटतो. दोन्हीकडून अर्धी राहिले. पोराचे असे नको व्हायला.”

हे दुःख आपल्या पट्ट्यातल्या कोणत्या घरात नाही? मी स्वतः तरुणपणी महाराष्ट्रातल्या एका कचेरीत फॉर्म भरताना सवयीने ‘शिक्षा : बी.ए.’ असे लिहिले होते. समोरचा बाबू म्हणाला, “किती वर्षांची झाली?” हिंदीतले शिक्षण मराठीत तुरुंग होते, आणि हिंदीत केलेली चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. कोर्टकचेरीत तर याहून गंमत. इकडे ‘राजीनामा’ म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड, तिकडे नोकरी सोडल्याचा कागद. हसण्यावारी नेले तरी अशा ठेचा माणूस विसरत नाही. सुनेची भीती खरी होती.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सत्तर वर्षे होत आली, शाळेचा आधार जवळजवळ नसताना तिगावची मराठी टिकली. आणि ज्या नागपुरात सरकार मराठी, पाट्या मराठी, तिथे नातवाच्या सोसायटीच्या अंगणात मी दोन तास बसलो तर खेळणारी पोट्टी आपसात हिंदीच बोलत होती. त्यांतल्या निम्म्यांची आडनावे आपल्याच सोयऱ्या-धायऱ्यांची. हिंदीशी माझे भांडण नाही. तिने मला भाकर दिली आहे. पण असे का व्हावे? आपल्याकडे पाळण्याशी मराठीशिवाय दुसरे काही बोललेच जात नाही, म्हणून ती राहिली. तिकडे आई-बाप दिवसभर कामावर, सांभाळणारी बाई हिंदी बोलणारी, मोबाईलवरची चित्रे हिंदीत बोलतात, बालवाडी इंग्रजीत. मराठीला उरते काय? ‘हात धू’, ‘झोप आता’ आणि रागावणे. ज्या भाषेत फक्त रागावले जाते ती पोराला का आवडावी?

मग पाहिल्या दोन बालवाड्या. पहिलीच्या फाटकावर ‘मराठी-इंग्रजी द्विभाषिक’ असे मोठे अक्षर. भिंतीवर वाघ-हत्ती, आत वातानुकूलित खोली. मी विचारले, मराठी केव्हा असते? बाई म्हणाल्या, रोज प्रार्थनेनंतर एक बडबडगीत, आणि २७ फेब्रुवारीला मराठी दिनाचा मोठा कार्यक्रम, पोरे फेटे बांधून येतात. बाकी दिवसभर इंग्रजी. याला द्विभाषिक म्हणायचे तर वर्षातून एकदा पोळ्याला बैल सजवणाऱ्यालाही शेतकरी म्हणावे लागेल.

यात त्या बाईंचा दोष थोडा. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. महाराष्ट्राचा २०२० चा मराठी सक्तीचा कायदा पहिलीपासून लागू होतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला, आणि शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे सुचवले, पण सुचवलेच. म्हणजे पावणेतीन वर्षांच्या पोराच्या बालवाडीने पाटीवर काय लिहावे आणि आत काय बोलावे, हे ज्याचे त्याच्यावर. तपासायचे ते आई-बापांनीच.

कसे तपासावे? प्रवेशाच्या दिवशी जाऊ नये. त्या दिवशी सगळेच गोड बोलतात. डब्याच्या वेळी जावे आणि गप्प उभे राहावे. पोर पडले, रडले, चड्डी ओली केली, तेव्हा बाई कोणत्या भाषेत जवळ घेतात ते ऐकावे. गाणी पाठ करून घेता येतात, समजूत पाठ करून घालता येत नाही. दोन्ही भाषांना दिवसाचा किती वेळ मिळतो आणि त्या वेळात त्या भाषेत खरेच काही केले जाते का, गोष्ट सांगतात, मातीत खेळतात, भांडण सोडवतात का, हे पाहावे. मराठी पुस्तके कपाटात कुलपात आहेत की पोरांनी हाताळून फाटलेली आहेत, हेही पाहावे. फाटलेली दिसली तर समाधान मानावे.

दुसरी बालवाडी एका जुन्या घरात, पुढे कडुनिंब. दोन बाई. एक पोरांशी मराठीच बोलते, दुसरी इंग्रजीच. पोरे कोणाकडे कसे बोलायचे ते आपोआप ओळखतात. एक पोरगी म्हणाली, “बाई, माझा शूज ओपन झाला.” बाई रागावल्या नाहीत, “बूट सुटला का? ये, बांधू,” एवढेच म्हणाल्या. दोन भाषा कालवून बोलणे हा लहान पोराचा गोंधळ नसतो. जवळ असतील ते शब्द वापरून ते काम भागवते. दोन भाषांनी पोर उशिरा बोलते किंवा डोके शिणते, ही भीतीही निराधार आहे, हे भाषेच्या अभ्यासकांनी कधीच सांगून ठेवले आहे. मात्र जी भाषा कानावर कमी पडते ती कमी येते, हेही तितकेच खरे.

तिथे माझ्या छातीत धडधडले ते वेगळ्याच कारणाने. नातू मराठीच्या बाईंकडे जाऊन म्हणाला, “मले पानी पाह्यजे.” आजीकडून उचललेले हे बोलणे. पुस्तकी मराठीच्या शाळांतही ‘मले’ म्हणणाऱ्याला हसतात, हे मी पाहिले आहे. म्हणजे आपल्या पोराच्या भाषा दोन नव्हेत, तीन-चार! बाईंनी पेला भरून दिला आणि म्हणाल्या, “हे घे. आणखी पाह्यजे?” सून माझ्याकडे पाहून हसली.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला काम नेले. आदिवासी पोरे बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. शाळेने पोराच्या दारात जायचे, ही त्यांची रीत. भाषेच्या बाबतीतही पहिले पाऊल शाळेनेच पोराच्या बोलीकडे टाकावे, असे मला वाटते. तिकडे दूर न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांची मधली पिढी इंग्रजीतच वाढली आणि भाषा म्हाताऱ्यांपुरती उरली. १९८२ पासून त्यांनी बालवाड्या सुरू केल्या, नाव ठेवले ‘भाषेचे घरटे’. तिथे आजी-आजोबा येऊन बसतात आणि दुधपित्या पोरांशी माओरीतच बोलतात.

आमच्याकडे आजी-आजोबा आहेत, आणि आपण त्यांना गप्प करू लागलो आहोत. तिगावातूनही आता सकाळी पोरांच्या गाड्या पांढुर्ण्याच्या इंग्रजी शाळांकडे जातात, आणि काही घरांत आजीला ताकीद असते, ‘पोराशी हिंदीत बोल, नाहीतर शाळेत मागे पडेल.’ गेल्या तान्ह्या पोळ्याला शेजारचा शहरातला नातू लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरला. बोजारा बरोबर गोळा केला. संध्याकाळी आजी नंदीची गोष्ट सांगू लागली तर बापाकडे वळून विचारतो, “ये क्या बोल रही है?” म्हातारी बिचारी उठून चुलीकडे गेली. वाचकांनी रागावू नये, पण ही चूक त्या पोराची नव्हती, आणि शहराची एकट्याचीही नव्हती.

असो. नातवाचे नाव कडुनिंबवाल्या बालवाडीत घातले. सुनेची अट होती की इंग्रजीची बाई खरी इंग्रजी बोलणारी हवी, ती आहे. माझी अट कोणी विचारली नाही, तरी मी घातलीच: घरी मराठी, आणि ती रागावण्यापुरती नव्हे. मुलाने रात्री एक गोष्ट वाचून दाखवायची. तो स्वतः हिंदीत शिकलेला, वाचताना अडतो. सून शेजारी बसून ऐकते, आणि ‘ळ’ आला की दोघे मिळून जीभ वळवतात, असे कळते. आजीने दर महिन्याला आठ दिवस नागपूरला राहायचे ठरले आहे. पांढुर्ण्याहून गाडी मिळते, बाईंनी गोष्ट सांगायला बालवाडीतही बोलावले आहे.

ही बालवाडी पोर सहा वर्षांचे होईपर्यंतच आहे. पहिलीला पुढे कुठे, याचे उत्तर आम्हा तिघांकडेही अजून नाही. सुनेने एका सेमी-इंग्रजी शाळेची चौकशी लावली आहे. मुलाला ती दूर वाटते. आजी म्हणते, आधी तो नीट जेवू तर लागू दे.