हेडफोन घेताना किंमत नव्हे, ओहम पाहा

आम्ही कापडाच्या धंद्यातले. मलमलला जाड सुई चालत नाही आणि डेनिमला बारीक सुई टिकत नाही, हे शिलाई कारागिराला सांगावे लागत नाही. सुई भारी कंपनीची आहे म्हणून ती कोणत्याही कापडाला कोणी लावत नाही. पण कॉम्प्युटरचा माल घेताना आपण हीच अक्कल घरी ठेवून जातो.

पेढीवर बाहेरगावच्या पार्ट्यांशी आता कॉम्प्युटरवरून बोलणी होतात. त्यासाठी आम्ही महागडा हेडफोन आणला. आवाज पूर्ण वाढवला तरी समोरचा पुटपुटतो आहे असेच वाटे. दुकानदार म्हणाला, "चाचा, तुमचा कॉम्प्युटर जुना झाला. बदलून टाका." आम्ही नवा घ्यायला निघालोही होतो. शेवटी मोहल्ल्यातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने खोका उलटा करून दाखवला. त्यावर छापले होते : २५० ओहम.

ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. कॉम्प्युटरच्या जॅकमधून १ व्होल्ट मिळतो असे धरा. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून सुमारे ३१ मिलिवॅट ताकद पोचते, २५० ओहमच्या हेडफोनला फक्त ४. माल खोटा नव्हता. तो ॲम्प्लिफायरला जोडण्यासाठी होता.

नावावरूनही हे कळत नाही. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये निघाला आहे. कॉम्प्युटरही सगळे सारखे नसतात. ॲपलच्या २०२१ च्या १४ व १६ इंची मॅकबुक प्रोचा जॅक हेडफोनचे ओहम ओळखतो. १५० ओहमच्या आत असल्यास तो १.२५ व्होल्टपर्यंत देतो, त्यावर १,००० ओहमपर्यंत ३ व्होल्ट.

मात्र ओहम जितके कमी तितके बरे, असेही समजू नये. जॅकचा स्वतःचाही अडथळा असतो. हेडफोनचे ओहम त्याच्या निदान आठपट असावेत, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. नाहीतर आवाज मोठा येऊनही त्याचा तोल बिघडू शकतो. शिवाय ओहमशेजारी छापलेला सेन्सिटिव्हिटीचा आकडाही पाहावा. तो कमी असेल, तर कमी ओहमचा हेडफोनही हळू वाजतो.

आपल्यातले कितीतरी तरुण आज मोबाईल-कॉम्प्युटरच्या मालाचा धंदा करतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : माल देण्याआधी "कशाला जोडणार?" असे विचारा. एका हेडफोनच्या नफ्यापायी गिऱ्हाइकाला नवा कॉम्प्युटर घ्यायला लावाल, तर खरी गोष्ट कळल्यावर ते पुन्हा तुमची पायरी चढणार नाही. आम्ही तरी चढलो नाही.