सरासरीत हरवलेला पारा

माती परीक्षणाची रीत आपल्या शेतकऱ्याला नव्याने सांगावी लागत नाही. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी 'व्ही' आकाराचे खड्डे घ्यायचे, वीतभर खोलीपर्यंतची माती घमेल्यात एकत्र कालवायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असं करत अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत चिठ्ठीसह भरायची. नत्र-स्फुरद-पालाश पाहायला हे उत्तम, कारण खताची मात्रा अख्ख्या शेताला एकच द्यायची असते. कारखान्याच्या आवारात मात्र हीच रीत वापरली तर विष कागदावरून गायब होतं.

कोडाईकनालचं उदाहरण घ्या. थर्मामीटरचा कारखाना 1980च्या दशकात अमेरिकेतून उचलून तिथे आणला गेला. 2001 मध्ये गावातल्या भंगाराच्या दुकानात पारा लागलेल्या काचा सापडल्या, बोभाटा झाला आणि हिंदुस्तान लिव्हरला आपला हा कारखाना बंद करावा लागला. पुढे आवारातल्या मातीत किलोमागे किती पारा राहू द्यायचा, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अभ्यासातून 20 मिलिग्रॅमचा आकडा पुढे आला. पर्यावरण कार्यकर्त्यांना तो फारच सैल वाटला, आणि मलाही वाटतो. पण आकडा कितीही कडक ठेवा, माती कुठून उचलली हे गुलदस्त्यात राहिलं तर त्याचा उपयोग शून्य. समजा, दहा खड्ड्यांपैकी नऊ ठिकाणी 5 मिलिग्रॅम पारा आहे आणि एका ठिकाणी 150. दहाही मिसळा, सरासरी येते 19.5. आवार पास!

म्हणून प्रत्येक खड्डा वेगळा मोजायचा. सगळेच नमुने प्रयोगशाळेत पाठवणं खर्चाचं, म्हणून जागेवर आधी चाळणी लावतात. एक्सआरएफ नावाचं, पिस्तुलासारखं हातात धरायचं यंत्र मातीला टेकवलं की मिनिटभरात शिसं, आर्सेनिक, क्रोमियमचे आकडे दाखवतं. माती ओली असेल तर ते कमी दाखवतं; आपल्याकडे जुलैत मोजणाऱ्याने हे विसरू नये. एकूण क्रोमियम ते सांगेल, त्यातलं घातक हेक्साव्हॅलंट किती हे नाही. सॉल्व्हंट आणि कीटकनाशकं तर त्याला दिसतच नाहीत. उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटसाठी पीआयडी नावाचं, हवेतली वाफ मोजणारं यंत्र वापरतात: माती झिपच्या पिशवीत अर्धी भरायची, हलवायची, थोडा वेळ ठेवून आतल्या हवेत यंत्राची नळी खुपसायची. (ढेकूळ नाकाशी नेऊन 'वास येतोय' म्हणणारे साहेब अजून आहेत. त्यांनी स्वतःच्या फुप्फुसांची तरी कीव करावी.) जागेवरचे हे आकडे निकाल नव्हेत. कुठला नमुना प्रयोगशाळेत न्यायचा आणि पुढचा खड्डा कुठे घ्यायचा, एवढंच ते सांगतात.

खरी मेख जागेवरच्या नोंदींच्या वहीत असते. खड्ड्याचे जीपीएस अक्षांश-रेखांश, खोली, वेळ, मातीचा रंग, नमुना घेणाऱ्याची सही, पहार आणि गिरमीट दोन खड्ड्यांच्या मध्ये धुतलं का, बाटली बर्फात कधी ठेवली, कोणी कोणाच्या ताब्यात दिली. यातला एक रकाना कोरा राहिला की कंपनीचा वकील उभा राहून विचारणार, हा नमुना आमच्याच आवारातला कशावरून? मग प्रयोगशाळेतलं लाखाचं यंत्रही गप्प.

दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम जुलै 2025 मध्ये आले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने द्यायची आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, अशी त्यात तरतूद आहे. मुदत घातली हे बरंच झालं. पण मुदतीच्या घाईत 'चार कोपऱ्यांतली माती घेतली, मिसळली, मर्यादेत आढळली' असा दोन पानी अहवाल येणार, ही धास्ती मला आहे.

यादी खालून जाणार असेल तर एमआयडीसीला लागून असलेल्या ग्रामपंचायतींच्या हातात थोडंफार काही आहे. नाव कळवताना ठराव करून दोन गोष्टी मागाव्यात. खड्डे घेताना गावचा माणूस हजर हवा आणि त्या दिवसाच्या वहीची प्रत त्याच दिवशी त्याला मिळावी. आणि प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून एक सीलबंद बाटली गावाच्या ताब्यात राहावी, म्हणजे मंडळाचा आकडा पटला नाही तर तीच माती दुसरीकडे तपासता येईल. बाटल्या सांभाळायला लागेल तो फ्रीज, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे राहील हेही ठरावातच लिहून टाकावं.