बाई शाळा सोडतात तेव्हा



मागील महिन्यात दौंड तालुक्यातील एका पालकांनी आम्हांस निरोप धाडला. त्यांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे. पूर्वी अशा मुलांस मतिमंद म्हणत. तो ज्या खासगी विशेष शाळेत जातो, तेथील बाईंनी नोकरी सोडायचे ठरवले आहे. तुम्ही समाजकार्य करता, तेव्हा चार शब्द सांगून त्यांना थांबवा, असा तो निरोप होता. बाई शिरूरच्या. बारा वर्षे त्या शिरूरहून एसटीने न्हावऱ्यापर्यंत, आणि तेथून वडापने भीमा ओलांडून शाळेत जात आल्या. आम्ही शिरूरला जाऊन त्यांना भेटलो, सारे ऐकून घेतले, आणि 'थांबा' असे म्हणालो नाही. ते का, हे आज सांगायचे आहे.

बाईंविषयी सध्या जे बोलले जाते ते असे : "पोरांना वाऱ्यावर सोडलं." "पैशाच्या मागं लागली." "हे पुण्याचं काम, ते काय कुणी सोडतं का?" बोलणाऱ्यांतील बहुतेकांनी त्या वर्गात एक तासही काढलेला नाही.

ते काम काय असते ते आधी पाहू. आपल्या घरातले पोर शर्टाची गुंडी लावायला कधी शिकले, हे आपल्याला आठवतसुद्धा नाही. या शाळेत त्या एका गुंडीला तीन-तीन महिने लागतात. बाई आधी गुंडी काजात घालतात, अर्ध्याहून जास्त बाहेर काढतात, आणि शेवटचे ओढणे तेवढे मुलाकडे ठेवतात. ते जमले की त्याच्या मागची पायरी मुलाकडे द्यायची. असे शेवटाकडून सुरुवातीकडे येत एक दिवस पूर्ण गुंडी मुलाची होते. शौचाला सांगणे, हात धुणे, दहाची नोट आणि वीसची नोट ओळखणे, सगळे असेच पायरी पायरीने. चौदा-पंधरा वर्षांच्या जड मुलाला उचलावे लागते, फिट आली तर सांभाळावे लागते, चिडलेले मूल चावतेही. या कामाचा निकाल बोर्डावर लागत नाही. आई पहाटे उसाच्या तोडीवर किंवा गुऱ्हाळावर निघते, तेव्हा मूल स्वतः अंघोळ करून शर्ट घालून बसते, तोच बाईंचा निकाल.

आता हिशेब. आम्ही कारकुनी करणारी माणसे, आकडे पाहिल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. बाईंचे मानधन महिना ८,५०० रुपये, तेही तीन-तीन महिन्यांनी एकदम. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे थोडा श्वास मिळाला. तरी वडाप धरून महिन्याला १,८०० रुपये प्रवासात जातात. साबण, रंग, हातरुमाल, मणी हे बऱ्याचदा स्वतःच्या पर्समधून. बारा वर्षांत भविष्य निर्वाह निधी शून्य, कायम नेमणुकीचा कागद नाही, बाळंतपणाची रजा बिनपगारी. विशेष शिक्षकाला दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावे लागते आणि दर पाच वर्षांनी ती नोंदणी पुन्हा करावी लागते. तो खर्चही त्यांचाच. आता त्यांना रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या खात्यात काम मिळते आहे. पगार १४,००० रुपये, निधी आणि ईएसआय कापून घेतात, कंपनीची गाडी शिरूरपर्यंत येते. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगी दहावीला. या घरात कोणत्या तोंडाने त्यागाचे व्याख्यान द्यावे?

कोणी म्हणेल, हे शिक्षणच नवे आहे, त्याची घडी बसायला वेळ लागेल. तसे नाही. आपल्याच दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन वसवले. त्यांच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या आणि तेथील अंध मुली-स्त्रियांना त्यांनी वाचायला शिकवले. रमाबाई १९२२ साली गेल्या, मनोरमाबाई त्यांच्या आधी १९२१ साली. म्हणजे या कामाची ओळख आपल्या तालुक्याला होऊन शंभर वर्षे उलटली.

कायदेही कमी नाहीत. १९९५ साली अपंग व्यक्ती कायदा आला, त्याच्या जागी २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्यात ६ ते १८ वर्षांच्या दिव्यांग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि शिक्षक तयार करून नेमण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण शाळांतील अशा मुलांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण जाहीर करण्यास केंद्र सरकारला सांगितले, आणि पुढे केंद्राने ते ठरवले : प्राथमिकला १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मागे एक. ७ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाने राज्यांना पदे जाहीर करून कायम नेमणुका करण्यास बजावले. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली केंद्रामागे एक याप्रमाणे ४,८६० पदे मंजूर केली. एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात, हे लक्षात घ्यावे. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्यांना त्यातून आधार मिळतो, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ही पदे सर्वसाधारण शाळांतील मुलांसाठी आहेत. खासगी विनाअनुदानित विशेष शाळेतील बाईंचे नाव त्या यादीत येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे, की पोरांना बाईंनी सोडलेले नाही. बाईंना बारा वर्षे वाऱ्यावर ठेवले गेले, आणि त्यांच्या आधाराने उभी असलेली पोरे आज उघडी पडली. जे काम एका बाईच्या मायेवर चालते, ते तिच्या पाठदुखीबरोबर बंद पडते. आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. पिढ्यान्पिढ्या गावाचे काम आपल्या माणसांनी केले, आणि मजुरीऐवजी 'हे तुमचे कर्तव्य' एवढेच ऐकले. बाबासाहेबांनी वतनाच्या कामावर प्रहार केला तो यासाठीच. मग आपल्याच लेकीला 'पुण्य आहे, फुकट कर' म्हणताना आपली जीभ अडखळायला हवी.

मुलांचे काय, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तो खरा आहे. नव्या माणसाशी जुळायला या मुलांना सहा-सहा महिने लागतात; काही मुले शिकलेलेही विसरतात. पालकांनी निदान एवढे करावे.

बाई जाण्याआधी प्रत्येक मुलाची एक वही त्यांच्याकडून लिहून घ्यावी : काय येते, कोणती पायरी चालू आहे, कशाने चिडते, कशाने शांत होते. शिरूरच्या या बाईंनी न मागताच अकरा मुलांच्या अकरा वह्या लिहायला घेतल्या आहेत. ती वही घरी ठेवावी आणि नव्या बाईंना दाखवावी.

मुलाचे यूडीआयडी कार्ड काढलेले नसेल तर काढावे. कागदावर मूलच दिसले नाही, तर शिक्षक कोणासाठी मागणार?

मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारावे, की आमच्या शाळेत विशेष शिक्षक महिन्यातून किती दिवस येतात. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तोंडी विचारू नये, अर्ज देऊन पोच घ्यावी.

आणि खासगी संस्थेला सर्व पालकांनी मिळून लेखी विचारावे : बाईंचा पगार बँकेत दरमहा जमा होतो का? निधी कापला जातो का? वीस किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर निधीचा कायदा शाळेलाही लागतो. आपण फी भरतो, देणगी देतो, तेव्हा हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. बाई असताना हा प्रश्न कोणी विचारला असता, तर त्या कदाचित आजही वर्गात असत्या.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुली बारावीनंतर या शिक्षणाकडे वळतात. त्यांनी जरूर वळावे. या मुलांना समजून घेणारी माणसे फार थोडी आहेत. मात्र रुजू होताना नेमणुकीचा कागद मागून घ्यावा आणि त्यावरील रक्कम वाचून मगच सही करावी. त्याने माया कमी होत नाही.