जुगाराच्या व्यसनावर शासकीय रुग्णालयांत उपचार मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जुगाराच्या व्यसनाला आजार मानून जिल्हा पातळीवर उपचार, समुपदेशन व कुटुंबाला मदत मिळण्याबाबत.

महोदय,

जुगाराचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याची नोंद व्यसनजन्य विकारांत आहे. खेळावरचा ताबा सुटणे, घर आणि कामधंद्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

राज्यात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने अड्ड्यांवर कारवाई होते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. राज्य लॉटरी मात्र १९६९ पासून कायदेशीर आहे आणि मुंबई-पुण्यात घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावता येतात. अड्ड्याला कुलूप लागले, ॲप बंद झाले, तरी व्यसनी माणसाची ओढ तशीच राहते. तो दुसरा बुकी शोधतो.

सुरुवात दहा-वीस रुपयांच्या आकड्याने होते. एखादे दिवशी आकडा लागतो, मग गेलेले काढण्यासाठी पुन्हा लावले जाते. पगार, हातउसने, मोबाइलवरचे कर्ज, सावकार आणि शेवटी तारण ठेवलेले दागिने, अशी ही उतरण असते. शेतकऱ्याच्या घरी सोयाबीनची पट्टी खात्यावर जमा होते आणि पुढच्या पेरणीआधीच संपलेली असते. दारूचा वास येतो, जुगाराचा येत नाही. म्हणून घरच्यांना बहुधा वसुलीचा माणूस दारात आल्यावरच कळते. ते जमीन किंवा सोने विकून कर्ज फेडतात. पण उपचार झालेले नसतात, त्यामुळे काही महिन्यांत नवे कर्ज उभे राहते.

व्यसनी माणसाला रुग्ण मानण्याची परंपरा या राज्याला नवी नाही. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने ती घालून दिली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांचा आणि गोपनीयतेचा हक्कही दिला आहे. तरीही अड्ड्यावर सापडल्यास खेळणाऱ्यालाही शिक्षा असल्याने तो दवाखान्यात तोंड उघडायला घाबरतो. ही भीती दूर करणे शासनाच्या हाती आहे.

म्हणून पुढील मागण्या सादर आहेत :

१. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत जुगार-व्यसनासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू करावा.

२. निद्रानाश, नैराश्य किंवा आत्महत्येच्या प्रयत्नानंतर जिल्हा रुग्णालयात आलेल्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत : ‘दिवसेंदिवस जास्त पैसे लावावेसे वाटतात का?’ आणि ‘किती लावले याबद्दल घरी खोटे बोलावे लागले का?’ एकाचेही उत्तर ‘हो’ आल्यास समुपदेशकाकडे पाठवावे.

३. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत हेल्पलाइन जुगाराच्या व्यसनासाठीही आहे, असे लॉटरीच्या तिकिटांवर, रेसकोर्सवर आणि एसटी स्थानकांत ठळक मराठीत छापावे.

४. रेसकोर्सवर स्वतःला प्रवेशबंदी लावून घेण्याची सोय असावी. सिंगापूरमधील कॅसिनोंप्रमाणे कुटुंबीयांनाही तसा अर्ज करता यावा.

५. कर्जात अडकलेल्या कुटुंबांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत सल्ला मिळावा आणि बेकायदा सावकारांवर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार कारवाई व्हावी.

६. उपचारासाठी आलेल्या व्यक्तीची माहिती पोलिसांना दिली जाणार नाही, असे लेखी परिपत्रक काढावे.

दारूचा रुग्ण आज सरकारी दवाखान्यात उजळ माथ्याने जाऊ शकतो. जुगाराच्या रुग्णालाही तसे जाता यावे, यासाठी वरील मागण्यांवर कालबद्ध निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
जुगाराच्या व्यसनाची झळ बसलेली कुटुंबे व व्यसनमुक्ती कार्यकर्ते

प्रत माहितीसाठी : गृह विभाग, वित्त विभाग व सहकार विभाग, मंत्रालय, मुंबई