अळवाचं पान आणि चिकना घडा

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. कितीही समजावलं तरी ज्याच्यावर परिणाम होत नाही, त्याला उर्दूत 'चिकना घडा' म्हणतात. मराठीत क्षणभर टिकणारी गोष्ट म्हणजे 'अळवावरचं पाणी'. पाणी दोन्हीकडे घसरतं. उर्दू वाक्प्रचार त्याचं श्रेय गुळगुळीतपणाला देतो. अळवाचं पान मात्र गुळगुळीत नसतंच.

विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांना १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हेच कोडं दिसलं. काही खडबडीत पानं गुळगुळीत पानांपेक्षा स्वच्छ होती! १९९७ मध्ये त्यांनी आणि नाइनहुइस यांनी कमळाच्या पानाचं गुपित सविस्तर मांडलं. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे, त्यांवर मेणाचे कण, मधल्या फटीत हवा. थेंब फक्त टोकांवर टेकतो, गोळी होऊन घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. अळवाचंही तसंच. याच कल्पनेवर जर्मनीत भिंतींचा रंग निघाला.

कापडाच्या धंद्यानं मात्र बराच काळ दुसरी वाट धरली. पावसाळी जॅकेटांवर फ्लोरीनयुक्त रसायनांचा थर दिला गेला. (आपले साधे रेनकोट प्लास्टिकचे, त्यांचा प्रश्न वेगळा.) कार्बन-फ्लोरीनचा बंध निसर्गात सहजी तुटत नाही. धुण्यातून निघालेलं हे रसायन पाण्यात, मातीत साठत राहतं. त्यांतल्या पीएफओए या रसायनाचं नाव २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेलं.

कारखानदारांची अडचण खोटी नाही. पानाचं मेण झिजलं तर जिवंत पान ते पुन्हा तयार करतं, कापडाला ते जमत नाही. शिवाय फ्लोरीन तेलही झटकतं, मेण झटकत नाही. अग्निशमन जवानाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या पोशाखाला ते लागत असेल, मी वाद घालणार नाही. पण पावसातून बाजारात जाऊन येणाऱ्याला तेल झटकणारं जॅकेट कशाला? मेणाचा किंवा सिलिकॉनचा थर पुरतो. विरला की पुन्हा लावायचा. मेणकापड हा शब्द आपल्याकडे जुनाच आहे, कोकणात पानांचं इरलंही होतं.

सध्या लेबलावर नुसतं 'वॉटरप्रूफ' छापलेलं असतं. थर कशाचा आहे, हे त्याखाली मराठीत छापणं सक्तीचं करा, एवढीच माझी मागणी आहे.