जिनांतील धूळ आणि कामगाराची छाती

दिवाळी सरली की अमरावती-अकोल्याच्या बाजारांत कापसाच्या गाड्या लागतात आणि जिनांतील रेचे फिरू लागतात. वऱ्हाडच्या ऐश्वर्याचे हे चिन्ह आम्हां सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या रेच्यांपुढे कापूस लोटणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या श्वासाबरोबर आत जाणाऱ्या धुळीचा हिशेब मात्र कोणत्याही खातेवहीत नाही.

धुळीचा रोग म्हटला की सुशिक्षितांस सिलिकोसिस आठवतो. त्यात दगडाचा कण फुप्फुसात रुतून गाठी धरतात व क्ष-किरणचित्रात त्या दिसतात. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस असा पुरावा मागे ठेवीत नाही. बोंडांच्या व पानांच्या चुऱ्यातून, त्यावरील जंतूंच्या विषासह तो येतो. आणि येतो तोही वार पाहून! धुळीत काही वर्षे काढल्यावर, आठवड्याच्या सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, काम सुरू होऊन काही तास लोटले की छाती आवळते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते. पुढे हा त्रास दुसऱ्या, तिसऱ्या दिवसापर्यंत लांबतो आणि अखेरीस धाप कायमची जडते. या अवस्थेत तो श्वासनलिकेच्या इतर जुनाट विकारांहून वेगळा ओळखणे दुरापास्त. मग दोष विडीच्या नाही तर चुलीच्या धुराच्या माथी मारला जातो. इंग्लंडात शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात या पायऱ्या निश्चित केल्या. इजिप्त व सुदान येथील जिनांतही १९६० नंतरच्या दशकात हा रोग आढळला. तेव्हा तो केवळ गिरण्यांचा आहे, असे समजून स्वस्थ बसण्याची सोय उरलेली नाही.

आमचे कायदे काय म्हणतात? १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने हा रोग भरपाईस पात्र मानला. परंतु अट घातली सरकार ठरवील तितक्या ‘सलग’ नोकरीची. हंगामी कामगाराने ‘सलग’ आणावे कोठून? १९४८ च्या राज्य विमा कायद्याने तर हंगामी कारखाने वगळताना कापसाच्या जिनांचे नावच घेतले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो अपवाद जपला. कारखाना हंगामी, म्हणून कामगाराचे फुप्फुसही हंगामी, असा हा न्याय दिसतो!

पहिल्या पायरीवरील माणूस धुळीपासून दूर झाला तर बरा होतो, ही या रोगातील एकमेव दिलाशाची गोष्ट आहे. म्हणूनच सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आरंभी व अखेरीस, फुंकर मारून श्वास मोजण्याची साधी तपासणी प्रत्येक जिनात व्हावी. तिची नोंदवही कामगाराच्या हाती असावी; मालक बदलला तरी ती त्याच्याबरोबर जाईल. धूळ ओढून घेणारे पंखे बसविणे मालकांस जड वाटेल. परंतु गाठीमागे पडणारा तो खर्च आज धाप लागलेला मजूर सोसतो आहे, आणि त्याच्या पदरी विम्याचा दवाखानाही नाही. संहितेतील हा अपवाद काढून टाकण्याची मागणी वऱ्हाडातील खासदारांनी येत्या अधिवेशनात करावी.