निरोपात संपूर्ण वडील असावेत

वडील गेल्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत घरातून विचारणा होते, ‘शोकसभेत तू दोन शब्द बोलशील ना?’ ज्या मुलीने चार-पाच वर्षे त्यांचे औषधपाणी आणि रात्रीची जागरणे सांभाळली, तिलाच नेमके त्या वेळी काही सुचत नाही. वाचकहो, हे न सुचणे म्हणजे प्रेमाची उणीव नव्हे. दीर्घ शुश्रूषेनंतर मनात अखेरच्या महिन्यांचीच चित्रे दाटलेली असतात. लघवीची नळी, पाठीवरच्या जखमा, ओळख हरवलेली नजर यांच्या आड पूर्वीचा चालता-बोलता माणूस दिसेनासा होतो. आजारी देहामागचे संपूर्ण वडील पुन्हा समोर आणणे, हेच निरोपाच्या शब्दांचे खरे काम आहे.

त्यासाठी आधी ऐकावे. आईला, आत्याला, वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांना एकेक आठवण विचारावी. ‘ते फार प्रेमळ होते’ या वाक्यापेक्षा, पगाराच्या दिवशी ते घरी काय आणत, कशावर चिडत, कोणते काम दुसऱ्याला करू देत नसत, हे सांगितले की माणूस उभा राहतो. आजारपण लपवू नये. मात्र तपासण्यांची यादी न सांगता त्यांनी ते कसे सोसले, एवढेच सांगावे. मजकूर एका पानात बसावा. कंठ दाटला तर थांबावे, पाणी प्यावे. पुढे वाचण्यासाठी कुणाला तरी आधीच सांगून ठेवावे.

मुलीने अंत्यविधी करणे आता नवलाचे राहिलेले नाही. २०१८ साली अटलबिहारी वाजपेयी यांच्या चितेस त्यांच्या मानसकन्या नमिता भट्टाचार्य यांनी अग्नी दिला. मग निरोपाचे शब्दही, तिची इच्छा असल्यास, तिचेच असावेत.

आणखी एक गोष्ट मुली सहसा बोलत नाहीत. मृत्यूनंतर दुःखाबरोबर ‘सुटले एकदाचे’ असेही वाटून जाते आणि त्याची टोचणी लागते. त्यांच्या वेदना थांबल्या आणि आपला थकलेला देह विसावला, यातून येणारी ही भावना स्वाभाविक आहे. तिच्यासाठी स्वतःला दोष देऊ नये.

शोक हा आजार नव्हे. परंतु सहा महिने उलटूनही तो तितकाच तीव्र राहिला आणि नित्याचे व्यवहार होईनासे झाले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मदत मिळते. मागे राहिलेल्या आईच्या झोपेकडे, जेवणाकडे आणि तिच्या स्वतःच्या गोळ्यांकडेही लक्ष असावे. या गडबडीत तिची औषधे हमखास चुकतात.

कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांनी अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी एक उपचारपद्धती विकसित केली. आयुष्यात कशाचा अभिमान वाटतो, घरच्यांना काय सांगायचे राहिले आहे, असे प्रश्न रुग्णाला विचारून त्याची उत्तरे लिहून काढतात, त्याला वाचून दाखवतात आणि तो मजकूर कुटुंबासाठी ठेवतात. हे प्रश्न घरातही विचारता येतात. ज्यांचे वडील हयात आहेत, त्यांनी एक वही आजच उघडावी. आणि ज्येष्ठ वाचकहो, लेकीने विचारले तर ‘काय करायचंय जुनं उकरून?’ म्हणून टाळू नका. तुम्ही सांगाल तेच पुढे तिच्याजवळ राहणार आहे.